डाव्या हाताची पाने

"काकाजी, या लाइनची खुशबू एकदम गुलाब आहे, पर बाजूवाली फुस्स. नुसती शक्कर!" वाइनरीतून आलेली शिखा तोंडातली बी थुंकत म्हणाली.

विष्णूपंतांनी दोन्ही ओळींचा एकेक घड तोडून पिशवीत टाकला. इंदूरबाहेरची ही मस्कत द्राक्षांची छोटी बाग खरी त्यांच्या बायकोची, मनोरमाबाईंची. घडांपुढची पाने खुडायची ती फक्त पूर्वेकडची, हा त्यांचा शिरस्ता. सकाळच्या कोवळ्या उन्हात मण्यांना वास धरतो. दुपारचे ऊन साली भाजून तो उडवून लावते, म्हणून पश्चिमेच्या पानांना हात लावायचा नाही. इतकी वर्षे ही द्राक्षे इतरांच्या मालाबरोबर मोठ्या टाकीत जात आली. यंदा शिखाने शब्द दिला होता, सगळ्या बागेला असाच वास असेल तर वाइनची वेगळी बाटली, वर मनोरमाबाईंचे नाव. आणि नेमके यंदाच बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले.

"डाव्या हाताची पानं काढा बरं," राजेंद्र नगरच्या घरात पलंगावरून त्यांनी बजावले होते. विष्णूपंत पडले आज्ञाधारक. जाताना डाव्या हाताची काढली, पुढच्या ओळीने परत येतानाही डाव्याच हाताची. वळल्यावर डावीकडे वेलींची पश्चिम बाजू येते, हे त्यांच्या डोक्यातच शिरले नाही.

"अर्ध्याच बागेची बाटली नाही का होणार?" त्यांनी शिखाला विचारले.

"इतकी छोटी टाकीच नाहीये, काकाजी. मलाही खूप वाईट वाटतंय."

घरी मनोरमाबाईंनी वासाचा मणी चुरडून नाकाशी नेला. चेहरा उजळला. "मग? पक्की ना बाटली?"

आता खोटे बोलून निभावले असते. पण विष्णूपंतांना ते कधी जमलेच नव्हते. त्यांनी पिशवीच्या तळाचा दुसरा घड काढला आणि सगळे सांगून टाकले.



"येताना मी खाली हात, काही न खुडता चालत यायचे," मनोरमाबाई म्हणाल्या. "तेच सांगायचं राहिलं."

"तुझ्या नावाची बाटली गेली गं माझ्यामुळे."

"अब छोडा ना अहो. खा तुम्ही."

वासाचा घड त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला. दुसरा मांडीवर घेतला आणि एकेक मणी तोंडात टाकत बसल्या, एकदाही नाकाशी न नेता.