घोंगडीवरची गाय

१९५९ च्या दिवाळीच्या सुटीत नारायणराव पिंपळखुट्यांचा आवाज गेला. बडनेऱ्याच्या एका खासगी हायस्कुलात ते सतरा वर्षं इंग्रजी शिकवत होते. आधी वाटलं, घसा बसला असेल. पत्नी रमाबाईंनी ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. पण आठ दिवसांनी नुसती फुसफुस उरली, तेव्हा दोघं अमरावतीला गेले. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला.

"स्वरयंत्रावर गाठी आल्यात. चार महिने एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत, तर आवाज कायमचा जाईल."

हेडमास्तर शेषराव मनाचे चांगले होते, पण त्यांनाही शाळा चालवायची होती. "नारायणराव, न बोलता इंग्रजीचा तास कसा घ्यान तुमी? रजा घ्या. मी बदली मास्तर पाहतो."

नारायणरावांनी कागदावर लिहिलं : 'पंधरा दिवस द्या.'

लिहून तर दिलं, पण घरी आल्यावर त्यांना काही सुचेना. आजवर ते धडा वाचत, मराठीत अर्थ सांगत, नियम उतरवून देत. मुलं लिहून घेत. त्यातून आवाज काढून घेतला, तर तासात उरत काय होतं?

"चित्रं करू या," रमाबाई म्हणाल्या. त्यांचा हात रांगोळीवर बसलेला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर त्यांनी गाय काढली, झाड, विहीर, बादली, डोक्यावर घागर घेतलेली बाई. रंगवून कापूनही दिली. पण चित्रं फळ्यावर लावायची कशी? खळीनं चिकटवली, तर जागची हलेनात. टाचणीनं लावायची, तर फळ्यात टाचणी शिरेना.

शेजारचे गयासुद्दीन पिंजारी गाद्या भरायचं काम करत. ते मास्तरांच्या घशाची चौकशी करायला आले आणि हा खटाटोप पाहत उभे राहिले. मग त्यांनी आपल्या बाहीवरचा कापसाचा पुंजका काढला आणि खाटेवरच्या घोंगडीवर दाबला. पुंजका तिथंच राहिला.

"पाहा मास्तर. दिवसभर झटकून राहतो मी, तरी सुटत नाई. चित्राच्या पाठीले कापूस लावा."

त्यांनी स्वतः बसून पिंजलेल्या कापसाचा पातळ थर प्रत्येक चित्राच्या मागे लावून दिला. गाय घोंगडीवर कुठंही ठेवा, राहायची. उचला, निघायची.

सोमवारी आठवीच्या वर्गात फळ्यावर घोंगडी टांगली गेली. मास्तरांना बोलायची मनाई आहे, हे मुलांना ठाऊक होतं. नारायणरावांनी घोंगडीवर झाड लावलं. मग गाय उचलली आणि थेट झाडाच्या शेंड्यावर बसवली.

वर्ग खदखदून हसला. नारायणराव हसले नाहीत. त्यांनी कानामागे हात धरला आणि वाट पाहिली. मग स्टेशनवरच्या पुंजाजी हमालाची मुलगी मैना उठली. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"द काऊ इज... ऑन द ट्री."

नारायणरावांनी गाय खाली आणली.

"द काऊ इज अंडर द ट्री!" आता चारपाच जण एकदम ओरडले. कुणी 'द काऊ आर' म्हणालं, की मास्तर नुसते थांबत. दुसरं कुणी दुरुस्त करी. तास संपला तेव्हा नारायणराव खुर्चीत बसूनच राहिले. सतरा वर्षांत मुलांचं इंग्रजी आपण कधी ऐकलंच नव्हतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि लाज वाटली.

रमाबाई चित्रं वाढवत गेल्या. मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागली. शिक्षकांच्या खोलीत मात्र थट्टा चाले : "आठवीत बालवाडी भरली म्हणे."

सोळाव्या दिवशी शेषराव वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी मैनेला उभं केलं आणि बाई कुठं आहे, बादली कुठं आहे, असं इंग्रजीत विचारलं. तिनं नीट उत्तरं दिली. वर्गात ज्यानं उत्तर दिलं त्यानं पुढचा प्रश्न विचारायचा, अशी रीत पडली होती. तिनं ती पाळली.

"सर, व्हेअर इज युवर कॅप?"

शेषरावांचा हात डोक्यावर गेला. टोपी ऑफिसात राहिली होती. "इट इज... इट इज ऑन द टेबल," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. बाहेर पडताना नारायणरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू द्या बदली मास्तर. पण पेपरात भाषांतर येते, त्याचं पाहा."

ते खरंच होतं. जानेवारीच्या चाचणीत भाषांतराचे गुण काहींचे घसरले. दोन पालक तक्रार घेऊन आले. नारायणरावांनी मग आठवड्याचे दोन तास भाषांतराला दिले.

मार्चमध्ये डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. पहिल्याच तासाला त्यांनी धडा समजावायला घेतला. दहा मिनिटांनी मान वर केली, तर सगळा वर्ग खाली पाहून लिहीत होता. ते वाक्य अर्धंच सोडून थांबले. पुस्तक मिटलं आणि एका मुलाला विचारलं, "व्हॉट इज इन युवर बॅग?"

शेजारच्या वर्गावर सहदेव मास्तर गणित शिकवत. आठवड्याभरात ते दारात येऊन उभे राहिले. "तुमची पोरं काहून इतकी बोलून राहिली हो? माह्या वर्गात बेरीज ऐकू येत नाई."

नारायणरावांनी त्यांची माफी मागितली. जूनमध्ये ते स्वतः शेषरावांकडे गेले आणि मैदानाच्या टोकाची, पत्र्याची खोली आठवीच्या इंग्रजीसाठी मागून घेतली.