अण्णांची कमान

शाळेला देणग्यांची ददात कधीच नव्हती. घरातलं कुणी वारलं की लोक शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. एकेका वर्गात तीन-तीन घड्याळं लटकत होती आणि वेळेबाबत त्यांच्यात एकमत नव्हतं. वानवा होती ती यंत्रांची. उद्योगशाळेतलं वेल्डिंगचं एकुलतं एक मशीन जळालं, तेव्हा हेडमास्तर वेल्डिंगच्या बाईंना म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत दुसरं आलं नाही, तर वर्ग बंद. पोरांना टायपिंगला बसवू."

बाईंनी हेडमास्तरांनाच सोबत घेतलं आणि कापडवाल्या काकांचं दुकान गाठलं. काकांनी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, स्मरणार्थ शाळेच्या फाटकावर लोखंडी कमान कबूल केली होती.

"काका, कमानीऐवजी मशीन द्या."

"बाई, मशीनवर अण्णांचं नाव घातलं तर वाचणार कोण? तुमची पोरं डोळ्यांवर काळी काच लावून बसणार!"

"बरोबर आहे, कमानच बरी," हेडमास्तर लगबगीने म्हणाले.

"बनवणार कोण?" बाईंनी विचारलं.

"शहरातला कंत्राटदार."

"म्हणजे शिकवायचं वेल्डिंग आणि कमान आणायची विकतची. लोक वर बघणार, अण्णांचं नाव वाचणार आणि हसणार."

काकांची मीटरपट्टी हवेतच थांबली. "अण्णांना हसणार?"

"हसतील आम्हालाच. पण तोंड अण्णांच्या नावाकडे करून."

काकांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी कापडाच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं.

"कंत्राटदाराला देणार तेवढ्या पैशांत मशीनही येतं, लोखंडही येतं," बाई म्हणाल्या. "मजुरी आमची."

काका हाडाचे व्यापारी. 'मजुरी आमची' हे शब्द त्यांच्या थेट काळजाला भिडले.

"कमान कधी मिळेल?"

"आधी पोरांना सरळ जोड घालता आला पाहिजे. अण्णांचं नाव वाकडं चालेल?"

"छे, छे!"

"मग कोर्स संपता संपता. दोन वर्षं धरा."

"आणि मधेच वर्ग बंद पडला तर?"

"ते सरांना विचारा."

काका मीटरपट्टीसकट हेडमास्तरांकडे वळले. "सर, अण्णा अर्धवट लटकता कामा नयेत. सांगून ठेवतो!"

"प्रश्नच नाही," हेडमास्तर म्हणाले. दुसरं काही म्हणण्याजोगी जागा दुकानात उरली नव्हती.

सोमवारी मशीन आलं. एका पोराने उत्साहाने विचारलं, "बाई, अण्णांचा 'अ' मी करू?"

"गप. अण्णांना घाई नाही." बाईंनी टेबलावर लोखंडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या. "काच लाव. आधी सरळ रेघ."