आरशीवरचा हार

मी जळते. आधीच सांगून टाकते, मागून कोणी बोलायला नको. मी कामिनीच्या स्कूटीची उजवी आरशी, आणि मी हॉर्नवर जळते.

कारखान्यात मला घासूनपुसून खोक्यात ठेवलं तेव्हा वाटलं, आपला मोठा मान राहील. मागून येणारं सगळं आपणच दाखवणार. गाडी कळमेश्वरला घरी आली आणि पहिल्याच दिवशी कामिनीनं मला आपल्याकडे वळवलं. टिकली पाहिली, उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळला, आणि मला तशीच वाकडी सोडून निघाली. रोज तेच. नागपुरात सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात ती कामाला जाते. तेवढ्या वाटेत माझ्यात रस्ता नसायचाच, तिचा कान असायचा.

आणि तो मेला हॉर्न! तिचा अंगठा सारखा त्याच्यावर. वळायचं, हॉर्न. थांबायचं, हॉर्न. बैल आडवा आला, हॉर्न. बैल निघून गेला तरी हॉर्न. त्याला ना डोळे ना अक्कल. एकदा तो बिघडला तर तिच्या नवऱ्यानं, जितेंद्रनं, जेवण टाकून दुरुस्त करून आणला. माझा नट ढिला होता, तो कोणी पिळला नाही.

मग दसरा आला. जितेंद्रनं गाडी धुतली, मला घट्ट करून रस्त्याकडे वळवलं. सासूबाईंनी, पंचफुलाबाईंनी, मला कुंकू लावलं आणि झेंडूचा जाडजूड हार माझ्याच गळ्यात घातला. हॉर्नला हळदीचं बोटही नाही. मी अशी फुगले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी दोघी सासूसुना सोनं द्यायला नागपूरला निघाल्या. जितेंद्र म्हणाला, हार काढून घे. पंचफुलाबाई मागच्या सीटवर आडव्या बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पूजेचा हार हातानं काढत नसतेत. सुकून आपोआप पडू दे."

पडू दे! माझा अर्धा चेहरा त्या फुलांखाली होता.

वाटेत पेट्रोल भरायचं होतं, पंप रस्त्याच्या उजव्या हाताला. मागून जड गाडीची घरघर आली. मला एका फटीतून टिप्पर दिसत होता, पण मला तोंड कुठं आहे? कामिनीनं कधी नाही ते माझ्यात पाहिलं. इतक्या दिवसांनी पाहिलं, आणि दिसला झेंडू. तिनं हॉर्न दाबला आणि वळली.

ब्रेक किंचाळले. टिप्पर पंपाच्या तोंडाशी, आमच्यापासून दोन हात मागे थांबला.

पंचफुलाबाईच आधी उतरल्या. "डोये फुटले का गा तुये?"

ड्रायव्हर, कवडू नावाचा, खाली आला. "डोये होते म्हणून वाचल्या, मावशी. आरशीवर हार दिसला तवाच समजलो, या बाईले मागचं दिसून नाही राहिलं. तवापासून दूर राहून हळू चालवून राहिलो." मग कामिनीकडे वळून तो हळूच म्हणाला, "ताई, आरशीत तुमचं कपाळ दिसे, अन् त्याले हार. असा फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे. माह्या बहिणीचा."

पंचफुलाबाईंनी स्वतःच्या हातानं हार तोडला, पंपाजवळच्या झाडाखाली ठेवला. पदरानं माझं कुंकू पुसलं, वर दोनदा घासलं.

मी मात्र कवडूच्या टिप्परच्या आरशांकडे पाहून जळत होते. किती जुन्या, एकीला तर तडा. पण तो गाडीत बसला आणि आधी त्यांच्यात पाहिलं, मग गिअर टाकला.

आता कामिनी टिकली घरातल्या आरशात लावते. वळायच्या आधी इंडिकेटर देते, माझ्यात पाहते, मान वळवूनही पाहते. त्या मानेवरही मी थोडी जळते, पण चालेल. हॉर्न दिवसभर उपाशी बसला आहे.

पुढच्या दसऱ्याला हार हेडलाइटखाली बांधा, नाहीतर त्या हॉर्नलाच घाला. मला काही नको. निघताना फडकं मारा, आणि वळताना माझ्यात एकदा पाहा बायांनो. हार घालायला भिंतीवर आपला फोटो लागू देऊ नका.