डाव्या कडेचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, आणि माझ्यात खोट आहे. माझ्या डाव्या कडेला, वरून चार बोटं खाली, एक हिरवा ठिपका अडकलेला आहे. मोहरीच्या दाण्याएवढा. पडद्यावर काहीही चालू असो, तो आपला हिरवाच. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर म्हणाल की मी लपवलं.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालासुद्धा आत यायची बंदी होती. तपासणीच्या वेळी मी अगदी निर्दोष होतो, देवाशपथ! ठिपका उमटला तो दुकानात. दुकानदाराने मला नमुना म्हणून फळीवर मांडलं आणि दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तेच ते रंगीत मासे माझ्यावर पोहत ठेवले. एक दिवस मासे गेले आणि ठिपका राहिला. त्यानंतर गिऱ्हाईक यायचं, आधी कौतुक करायचं आणि ठिपका दिसला की नाक मुरडून पुढे जायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण करतो काय?

मग एक दिवस ते तिघं आले. बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. आई घरी शिवणकाम करायची. मुलगी बारा वर्षांची होती आणि एका जागी ठरत नाही म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तिघांत मिळून एकच मॉनिटर घ्यायचा होता आणि मागण्या मात्र तीन होत्या. भिंगरीला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा होता, त्यात चित्र अडखळून चालणार नव्हतं. बाबांना कोणत्या मुलाला कुठून किती वाजता घ्यायचं त्याची यादी करायची होती. आईला गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फोटोंतल्या कापडांचे रंग खरे दिसायला हवे होते.

माझ्या शेजारी एक भला रुंद, कमानीसारखा वाकलेला मॉनिटर होता. भिंगरी त्याच्यासमोरून हलेना. बाबांनी आईच्या पर्समधली मापाची टेप काढून त्याची रुंदी मोजली आणि म्हणाले, "हा टेबलावर ठेवला तर जेवायला काय जिन्यात बसायचं?" पलीकडचा सगळ्यांत स्वस्त होता. त्याच्यावर अक्षरं ठीक दिसायची, पण शर्यत लावल्यावर गाड्यांच्या मागे धुरकट शेपट्या उमटायला लागल्या. आईने डाळिंबी रंगाची एक चिंधी आणली होती. तिचाच फोटो तिने त्या स्वस्त पडद्यावर आणला तर रंग विटकरी दिसला. माझ्यावर तो डाळिंबीच दिसला. आणि शर्यत? सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतो मी! गाड्या अशा सुळकन गेल्या की भिंगरीने टाळीच वाजवली.

माझा जीव टांगणीला लागला होता. ठिपका अजून कुणाला दिसला नव्हता. बाबा चार हात लांब उभे राहून दुकानदाराशी बोलत होते, माझ्याकडे धड बघतही नव्हते. आणि तिथूनच, मान न वळवता, ते म्हणाले, "डावीकडे ते हिरवं काय आहे हो?"

संपलं! मला वाटलं, आता हेही चालले. पण भिंगरी म्हणाली, "बाबा, तुमची नजर म्हणजे अगदी घारीची!" तसे बाबा खुलले.

"व्हॅन चालवतो बाई मी. बघायचं समोर, पण दिसायला हवं चहूकडचं."

त्यांचं हे वाक्य लक्षात ठेवा. ठिपक्यापायी दुकानदाराने किंमत उतरवली आणि मी त्यांच्या घरी गेलो.

पहिली वर्षं मोठ्या मानाची गेली. मला खिडकीशेजारच्या टेबलावर जागा मिळाली. आई रोज मऊ कापडाने मला पुसायची आणि ठिपका निघेल या आशेने दरवेळी नखाने खरवडायची. संध्याकाळी बाबा आणि भिंगरी शर्यत खेळायचे, आणि हरलेल्याने भांडी घासायची असा करार होता. भांडी बहुतेक भिंगरीच घासायची. माझ्यासमोर बसणारा प्रत्येक जण माझ्याकडेच बघतो, त्यामुळे या तिघांचे चेहरे मला पाठ झाले.

चौथ्या वर्षी एका संध्याकाळी बाबा एकदम म्हणाले, "अगं, ऐकलंस का? याचा ठिपका गेला! आपोआप बरा झाला बघ."

"बरं झालं बाई," आई मशीनवरून न उठताच म्हणाली.

मी किती हरखलो म्हणून सांगू! आता माझ्यात खोट आहे असं कुणी म्हणणार नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आईने मला पुसलं आणि तिचं नख त्याच जागी आलं. खर्र, खर्र. म्हणजे ठिपका होता. कुठेही गेला नव्हता. मग तो बाबांना का दिसत नव्हता?

त्या दिवसापासून मी बाबांवर नजर ठेवली. ते यादीची चौकट ओढून माझ्या उजव्या बाजूला नेऊ लागले होते. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप एका आठवड्यात तीनदा उलटला. "कप मेला ठेवतं कोण इथे?" असं ते आईवर करवादायचे, आणि कप त्यांनीच ठेवलेला असायचा. शर्यतीत डावीकडून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यावर आदळायची. भिंगरी हसून लोळायची. "बाबा, म्हातारे झालात! घासा आता भांडी!" बाबाही हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं.

मग एक दिवस ते घरी आले ते रागातच. व्हॅनच्या डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा पडला होता. "कुणीतरी उभ्या गाडीला घासून गेला," ते म्हणाले. आईने विश्वास ठेवला. बाबांचाही स्वतःवर विश्वास होता. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा वेगळा असतो, तो मी ओळखतो. हा तसा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मित्रांनो, त्या व्हॅनमध्ये रोज अकरा मुलं बसायची. त्यांची नावं मला तोंडपाठ होती, कारण यादी माझ्यावरच असायची. बेकरीवाल्यांची जुळी, डाव्या बुटाची नाडी कधीच न बांधणारा एक मुलगा, आणि सगळ्यांत लहान ती साडेतीन वर्षांची, जिच्या नावापुढे बाबांनी लिहिलं होतं, 'हात धरून चढवणे'. व्हॅनचं दार डावीकडे होतं. रोज सकाळी बाबा किल्ल्या घेऊन निघाले की माझा जीव खालीवर व्हायचा आणि किल्ल्या परत खुंटीवर वाजल्या की जिवात जीव यायचा. मला ओरडावंसं वाटायचं. पण मी पडलो मॉनिटर. तुम्ही जे पाठवाल तेच मी दाखवणार, पदरचं एक अक्षर लिहायची सोय नाही. माझं स्वतःचं म्हणावं असं एकच काय ते होतं, तो हिरवा ठिपका. मी तेवढा पेटता ठेवला.

असं वर्ष गेलं. भिंगरी सतरा वर्षांची झाली आणि मी तिला लहान पडू लागलो. एका शनिवारी दुपारी तिने मला विकायचं ठरवलं. माझ्यावर काळा पडदा लावून तिने माझा फोटो काढला. इतकी वर्षं राबलो त्याचं हे फळ, असं वाटून मी हिरमुसलो. बाबा यादी बघायला येऊन बसले होते. माझ्या कोपऱ्यातल्या घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. सव्वा बाराला त्यांना शाळेकडे निघायचं होतं.

"जाहिरातीत ठिपक्याचं लिहायला हवं," भिंगरी म्हणाली. "नाहीतर घेणारा शिव्या घालेल."

"ठिपका कसला? तो तर कधीच गेला. उगाच आपल्या वस्तूला नावं ठेवू नकोस."

"गेला काय बाबा? हा काय समोर!"

तिने बोट ठेवलं. बाबांनी मान वळवली आणि चकित होऊन म्हणाले, "अरेच्चा! परत आला वाटतं."

भिंगरी हसली नाही. ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, दुकानात तुम्हाला हा चार हातांवरून दिसला होता. मान न वळवता."

बारा वाजून पाच झाले होते. तिने माझ्यावर नाण्याएवढा लाल गोल काढला आणि बाबांना म्हणाली, "बरोबर मध्ये बघा. मान, डोळे हलवायचे नाहीत. गोल दिसला की सांगा." तिने तो माझ्या डाव्या कडेवरून सोडला. गोल ठिपक्यापाशी आला, पुढे सरकला. बाबा गप्प. अजून पुढे सरकला. अगदी मध्याजवळ, चार बोटांवर आल्यावर बाबा म्हणाले, "हं, आता सोडलास!"

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! आधी इकडे ये!"

आई बसली. गोल कडेवर उमटला मात्र, ती म्हणाली, "हा काय, दिसला." भिंगरीने बाबांना पुन्हा बसवलं. गोल पुन्हा चार बोटांवर येईपर्यंत ते गप्पच होते. बारा वाजून नऊ झाले होते.

बाबा उठले. "काय पोरखेळ लावलाय! मुलं ताटकळतील तिकडे." त्यांनी खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या. भिंगरी दारात आडवी उभी राहिली.

"नाही जायचं बाबा."

"बाजूला हो. अठरा वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला!"

"आणि डाव्या अंगाचा तो?" तिचा आवाज फाटला होता. "तो खरंच कुणी घासून गेलं होतं का, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. यादी अजून उजव्या बाजूला उघडी होती. ते सगळ्यांत शेवटच्या ओळीपाशी थांबले आणि त्यांचे ओठ हलले. हात धरून चढवणे.

"ती डाव्या बाजूनेच येते गं धावत," ते म्हणाले.

आईने पुढे होऊन हात पसरला. "अहो, द्या इकडे." बाबांनी किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या आणि खुर्चीत मटकन बसले. मग स्वतःच फोन उचलून दुसऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, आज माझी मुलं तू घे. नाही, गाडीला काही झालं नाही. मला झालंय." हा माणूस मी त्याआधी कधी रडताना पाहिला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, ते मी ऐकलं. डोळ्यांतला दाब वाढून बाजूची नजर हळूहळू गेली होती. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली मात्र रोज थेंब घालून राखता येणार होती. गाडी चालवणं बंद. बाबा कित्येक दिवस खुंटीकडे पाठ करून बसायचे. अजूनही बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला की त्यांचा हात खिशाकडे जातो.

आता ते शाळेच्या सगळ्या व्हॅनच्या याद्या माझ्यावर करून देतात. भिंगरीने जाहिरात काढून टाकली. सकाळी थेंब घातले की बाबा माझ्यासमोर बसतात, मान पूर्ण डावीकडे वळवतात आणि ठिपका शोधतात. बाजूचं बघायचं तर मान वळवायची सवय लावा, असं त्यांना सांगितलंय ना. सापडला की "आहे रे आहे," म्हणतात आणि कामाला लागतात. आयुष्यभर मी हा ठिपका जावा म्हणून झुरलो. आता वाटतं, बाकीचा पडदा विझला तरी चालेल, पण हा राहू दे.

मित्रांनो, आम्हाला मऊ कोरड्या कापडाने पुसा, उन्हात ठेवू नका आणि बारीकशा खोटीवरून टाकून देऊ नका. पण त्याआधी आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या बाबांना, आईला, आजोबांना विचारा की डोळे शेवटचे कधी तपासले. "मला सगळं नीट दिसतं," असं ते म्हणाले तरी त्यांचा हात सोडू नका. आमचे बाबाही तसंच म्हणायचे, आणि त्यांना ते अगदी खरं वाटायचं.