बोंबील टांगलेली तार

भिंतीवर दोन खिळ्यांना लटकलेला, एक शिंग मोडलेला पांढरा डबा कुठे दिसला, तर मित्रांनो, तो मी समजा. मी राऊटर. बोर्ली पंचतनजवळच्या कोळीवाड्यात, चंदर आणि नीराबाईच्या घरी चार वर्षं चाकरी करतो आहे. वय फार नाही, पण खाऱ्या वाऱ्यानं मला लवकर म्हातारं केलं.

माझं काम सांगतो. तुम्ही पाठवलेला फोटो माझ्यातून अख्खा जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकाच्या पाठीवर पत्ता असतो. ती सारी उजेडावर बसून केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून धावतात. तो धागा एका काळ्या तारेच्या पोटात आहे. रस्त्यावरच्या खांबापासून ती तार अंगणावरून येते, पत्र्याला टेकते आणि खिडकीतून माझ्यापर्यंत पोचते.

सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! दसऱ्याला नीराबाईनं मला झेंडूची माळ घातली. त्यांची लेक प्रणाली माझ्याच जोरावर धडे ऐकून बारावी झाली.

यंदा बोंबील उदंड आला. अंगणातल्या वाळवणीच्या दोऱ्या भरून गेल्या आणि नीराबाईची नजर तारेवर गेली. "कंपनीनं फुकटची दोरी बांधलीय, वाया कशाला घालवायची?" म्हणत तिनं दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवली आणि जोड्या तारेवर टाकल्या. तार झोळीसारखी खाली आली, पत्र्याच्या कोपऱ्यावर तिची घडी पडली. उजेडाला तेवढं वळण घेता येईना. माझा लाल दिवा लागला.

सकाळी बोंबील चढले की मी आंधळा, संध्याकाळी उतरले की डोळस. खिडकीतून मला सगळं दिसे. पण सांगू कसं? बोलायला माझ्याकडे एक दिवाच!

"दुपारचा झोपतो मेला," म्हणत चंदर चापट मारी. शिंग त्यातच मोडलं.

आणि तो दिवस आला. नर्सिंग कॉलेजच्या यादीत प्रणालीचं नाव लागलं होतं. 'जागा हवी आहे' असं पाचच्या आत कळवायचं, नाहीतर जागा दुसरीला. इथे मोबाईल चालतो तो बोलण्यापुरताच. साडेतीनला तिनं लॅपटॉप उघडला.

"आये, गेला परत!"

"बंद कर नि चालू कर गो."

पाच वेळा मला झोपवलं, पाच वेळा उठवलं. मग चंदरनं माझ्या पाठीच्या भोकात गळाचं टोक खुपसलं. मित्रांनो, त्या भोकात माझी आठवण पुसायचं बटण असतं. माझं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं.

शेवटी बोर्लीहून तार जोडणारा सुजित आला. माझ्याकडे एकदा बघून तो थेट अंगणात गेला.

"काकी, तारेवर बोंबील?"

"मग? बोंबील काय तुझं नेट खातात?"

"आत काच हाय काकी. तुटलीय."

नीराबाईच्या हातातली जोडी हातातच राहिली.

सुजितनं प्रणालीला गाडीवर घेतलं आणि बोर्ली गाठली. तिथे कॉलेजचं पान उघडलं तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी काच जोडली. मला माझं नाव पुन्हा शिकवलं. माझ्याकडे पहिला निरोप आला तो कॉलेजचा, प्रणालीसाठी: जागा रद्द. वाटलं, ही पॅकेटं वाटेतच सांडावीत. पण ज्याचा पत्ता त्याच्या हाती द्यायचं, एवढंच मला येतं. दिलं.

"काय लिवलंय गो?" नीराबाईनं दबकत विचारलं.

"काय न्हाय आये. सोमवारी प्रवेशाची दुसरी फेरी हाय."

मित्रांनो, दिवा लाल दिसला तर मला मारू नका, टोचू नका. आधी बाहेर जा आणि माझी तार कुठून कशी येते ते बघा. तिच्यावर कपडे नकोत, मासळी नको, झोका तर नकोच. मी शेवटच्या पॅकेटापर्यंत राबेन. फक्त सोमवारी तरी माझी वाट मोकळी ठेवा.