गोरखचं दुखणं आणि मी

मी प्लास्टिकचा एक निळा टब बोलतोय. घोडेगावच्या बाजारात साळुबाईंनी मला उचललं, ते येणाऱ्या नातवंडाच्या अंघोळीसाठी. शिनोलीच्या त्यांच्या घरी मी आलो, पण बाळाआधी माझ्यात येऊन बसला तो बाळाचा बाप!

मला मोठा अचंबा वाटला. गोरख चांगला उंचापुरा, भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवणारा. तो न्हाणीचं दार लावायचा आणि कोमट पाण्यात गुडघे वर करून बसायचा. आधी दात आवळायचा, मग हळूच सुस्कारा सोडायचा. असं का?

हळूहळू उलगडलं. त्याच्या शौचाच्या जागेशेजारी गळू फुटून भोक पडलं होतं. त्यातून पू यायचा. भगंदर म्हणतात त्याला. एकदा ऑपरेशन झालं, पण जखम भरते न भरते तोच बाजूला दुसरं तोंड फुटलं.

माणसांची मला गंमत वाटते. दाढ दुखली तर अख्ख्या गावाला सांगतात. या जागेचं दुखणं मात्र पोटात ठेवतात. जीपमधला कुणी विचारायचा, "गोरखभाऊ, वाकडं का बसलाय?" तर उत्तर ठरलेलं, "पाठ धरलीया, राव."

आणखी एक गोष्ट मला कळत होती. आधी तो बसला की पाणी माझ्या काठाला लागायचं. पुढे तेवढ्याच पाण्यात तो बसे, पण पाणी खालीच राही. गोरख वाळत चालला होता. लेक समृद्धी जन्मली, तरी तिला मांडीवर घेऊन बसणं त्याला जमेना.

शेवटी बायको अश्विनी हट्टाने त्याला पुण्याला घेऊन गेली. परत आल्यावर मला घासता घासता ती सासूला सांगत होती, "डॉक्टरांनी इचारलं, पोट कसं असतं? हे म्हणाले, बरं असतं. मग मीच बोलले. म्हटलं, बरं कुठलं? सारखं संडासला पळत्यात, मुरडा येतो, कधी रगत बी पडतं."

"अगं बया! परक्या माणसापुढं?" साळुबाईंनी कपाळाला हात लावला.

"बोलले म्हणून तर आतड्यात दुर्बीण घालून बघितलं, आत्या. आतड्याला सूज हाय. क्रोन्स म्हणत्यात. हे भगंदर त्याच्यापायीच व्हतं."

मी थक्क झालो. दुखणं एकीकडे आणि त्याचं मूळ दुसरीकडे!

डॉक्टरांनी पू काढला आणि त्या भोकातून एक दोरा ओवून सैल बांधला, पू आत साठू नये म्हणून. गोरख म्हणाला होता, "एकदाचं कापून टाका की!" डॉक्टरांनी समजावलं, "आतडं शांत झाल्याशिवाय कापलं तर जखम भरणार नाही. आणि तिथला स्नायू दुखावला, तर शौच आवरता येणार नाही." मग गोळ्या सुरू झाल्या, मधूनमधून रक्ताच्या तपासण्या आल्या, आणि बिडी सुटली. ती सुटताना घरातल्या सगळ्यांनी त्याच्या शिव्या खाल्ल्या.

फरक सावकाश पडला. मधे एकदा बरं वाटलं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि दुखणं पुन्हा उसळून तो तापाने फणफणला. नंतर मात्र नाही सोडल्या. दोऱ्यासकट तो जीप चालवू लागला. पुढे दोरा निघाला. एक तोंड बुजलं, दुसरं अजून कधीमधी ओलं होतं. पण पाणी परत माझ्या काठाला लागायला लागलं, आणि समृद्धी बापाच्या मांडीवर बसून भाकरी खायला लागली.

आज शेजारच्या धोंडाबाई दारात आल्या. पदर तोंडाला लावून पुटपुटल्या, "आमच्या पोराला बी तसंच काईतरी... तुमचा टब..."

साळुबाईंनी मला कढत पाण्याने खसाखसा घासलं. धोंडाबाईंच्या हातात देत, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टब न्या. पण आदी त्याला डॉक्टरकडं न्या. अन् जागेचंच न्हाई, पोटाचं बी समदं सांगाय लावा!"

आता मी धोंडाबाईंच्या कमरेवर बसून निघालोय. त्या पोराला मी अजून पाहिलेलं नाही. बाळा, लाजायचं तर माझ्यापुढे लाज. मी कुणाला सांगत नाही. डॉक्टरपुढे मात्र तोंड उघड.