खालून खाल्लेला चंद्र

"वहिनी, आईला फोटोची सवय लावू नका," सुगंधाकाकूंच्या जितेशने फोनवर सांगितलं होतं. "आधी ती कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायची. आता तुमचा फोटो आल्याशिवाय पान वाढून घेत नाही. तिची शुगरची गोळी चालू आहे, जेवायला उशीर झाला की साखर उतरते."

"अहो, मी आहे ना," म्हणून समिधाने हसून विषय संपवला होता.

आत्ता ती इंद्रलोक भागातल्या नव्या इमारतीच्या गच्चीवर, एका पायाने दुर्बिणीच्या स्टँडचा पाय दाबून उभी होती. कडेवर दिव्या, आणि दिव्याच्या मुठीत तिचं मंगळसूत्र. पराग दुर्बिणीला क्लॅम्पने लावलेल्या मोबाइलशी झटत होता. स्क्रीनवर चंद्र नुसता पांढरा, पातेल्यातून उतू गेलेल्या दुधासारखा.

"उजेड कमी करतोय. हलू नको."

"मी नाही हलत. तुझी मुलगी हलतेय."

"टायमर लावतो. बटण दाबलं तरी हलतंय."

"पराग, कसा का असेना, पाठव. त्यांना जेवायचंय. प्रदर्शन नाही भरवायचं."

"एक मिनिट गं. कडेचे खड्डे बघ, आत्ता येतील."

त्याचं एक मिनिट तिला लग्नाआधीपासून माहीत होतं.

सुगंधाकाकू केबिन रोडजवळच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मागच्या वर्षापर्यंत समिधा त्यांच्या समोरच्याच दारात होती. काकूंच्या खिडकीसमोर टॉवर उभा राहिला आणि पूर्व बंद झाली. गुडघ्यांमुळे रस्त्यावर येऊन आकाश बघणं जमेना. समिधा तेव्हा परागच्या मोबाइलवरचा चंद्र दाखवायला संकष्टीला त्यांच्याकडे जायची. काकू स्क्रीनलाच हात जोडायच्या, मग तिच्या हातावर मोदक ठेवायच्या. घर बदलल्यावर हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. सोपं झालं.

तिचा मोबाइल वाजला. काकूंचा व्हॉइस मेसेज.

"आला काय गो? वास सुटलाय भाताचा. माझं पोट ओरडतंय हो आता."

"बघ! म्हातारं माणूस उपाशी बसलंय आणि तू खड्डे मोजतोयस!"

पराग काही बोलणार तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. दोघांनी वर पाहिलं. पावसाळा संपून इतके दिवस झाले तरी खाडीकडून जाडजूड ढग आला होता आणि चंद्रावर बसला होता.

"आधीचे फोटो?"

"डिलीट केले. पांढरेफटक होते सगळे."

समिधाने डोळे मिटले, उघडले. काकूंना लिहिलं, ढग आलाय, तुम्ही जेवून घ्या. लगेच उत्तर आलं.

"तुमच्या दुर्बिणीला ढग काय गो करणार? एवढी मोठी तर आहे. बघा नीट."

पराग हसला. समिधाला हसू आलं नाही. दिव्याला खाली ठेवून ती स्वतःचे फोटो चाळू लागली. संकष्टीचा चंद्र दर महिन्याला तेवढाच कापलेला. मागचा सहज खपून जाईल.

"खोटं पाठवतेस?" परागने विचारलं. "उपास आहे त्यांचा."

"मग तू ढग उचल."

तिने फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. दर वेळी यानंतर 'दिसला, बसते आता' असं यायचं. आज जरा वेळाने व्हॉइस मेसेज आला.

"समिधा, आज खालून खाल्लेला कसा गो? चवथीचा उगवताना वरून खाल्लेला असतो. यंत्र बिघडलं की काय तुमचं? ऱ्हावंदे. मी पडते जरा. खरा आला की सांग."

परागने तिच्या हातातला मोबाइल वाकून पाहिला. "अगं, हा मूळ फोटो, मी सरळ न केलेला. दोन्ही असतात तुझ्याकडे. दुर्बिणीत उलटाच दिसतो. फिरवून पाठवतो मी नेहमी."

"हे आत्ता सांगतोयस?"

"तू विचारलंस कुठे?"

तिला ओरडायचं होतं, पण दिव्या पाण्याच्या टाकीच्या पाइपवर पाय ठेवत होती. तिला ओढून आणेपर्यंत ढग सरकला. परागने टायमर लावला, श्वास धरला. फोटो खरंच सुरेख आला. कडेचे खड्डे बोटाने चाचपता येतील असे. त्याने तो फिरवला. वरून खाल्लेला, नीट. समिधाने पाठवला.

दोन टिका. राखाडी.

"गेला ना?" पराग म्हणाला. "बघतील. चल, आवरू."

तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजून थांबली. पुन्हा लावला. मग तिने काकूंचा शेवटचा मेसेज परत ऐकला. मी पडते जरा. मघाशी तो रोजच्यासारखा वाटला होता, आडवं होते म्हणाल्यासारखा. आता शब्दांच्या मधे श्वास ऐकू येत होता. आणि 'सांग' नंतर काहीतरी स्टीलचं खाली ठेवल्याचा, किंवा पडल्याचा, आवाज.

"पराग, तू जा."

"अगं, झोपल्या असतील."

"उपाशी कोण झोपतं? रिक्षा मिळाली तर बघ, नाहीतर पळ."

तिचा चेहरा पाहून त्याने पुढे विचारलं नाही. दुर्बीण तशीच ठेवून तो जिन्याकडे धावला.

समिधाने दिव्याला घट्ट धरलं. जुन्या सोसायटीचा ग्रुप तिने कधीचा म्यूट करून ठेवला होता. तो खाली खाली जाऊन शोधला. लिहायच्या आधी तिने मान वर केली. संध्याकाळपासून तिने चंद्र नुसता स्क्रीनवर, नाहीतर ढगाआड पाहिला होता.

मग एका हाताने टाइप केलं:

"मी समिधा, आधी तळमजल्यावर राहायचे. कुणी घरी असेल तर प्लीज सुगंधाकाकूंची बेल वाजवा. फोन उचलत नाहीयेत. पराग निघालाय, पण तुम्ही जवळ आहात. किल्ली वरच्या उर्मिलाताईंकडे असते. दार उघडलं नाही तर वाट बघू नका, आत जा. आधी साखर द्या. आणि नको म्हणाल्या तर सांगा, चंद्र आलाय. वरून खाल्लेला आहे. समिधाने डोळ्यांनी पाहिलाय."